मुठीची जागा

राइजर हँडल मधल्या पकडीपासून दोन्ही बाजूंना वर चढते आणि मुठीपाशी पुन्हा आडवे होते. हँडलला पुढच्या चिमट्याच्या नळीशी जोडणारा स्टेम त्याला मध्यावर धरतो, पण हात त्या जागेच्या २० ते ६० मिलिमीटर वर पडतात. या फरकाला राइज म्हणतात. मुठीचा भाग स्वाराच्या बाजूला ५ ते ९ अंश मागे वळलेला असतो आणि टोकाकडे किंचित वर उचललेला असतो. डोंगरी सायकलींवर हे हँडल १९९० च्या दशकात रुळले आणि तिथून शहरातल्या फिक्स्ड गिअर सायकलींवर आले.

फिक्स्ड गिअर सायकलीत मागच्या चाकाचा दात्यांचा गोल हबवर पक्का बसवलेला असतो. पाय थांबले तरी चाक फिरू देणारे फ्रीव्हील मध्ये नसते. चाक फिरते तोवर चेन फिरते आणि चेन फिरते तोवर पेडल फिरते. उतारावर पाय स्थिर ठेवून नुसते बसून राहणे या सायकलीत शक्य नाही. वेग कमी करायचा तर फिरत्या पेडलला पायांनी विरोध करावा लागतो. असा विरोध करताना शरीर सीटवरून उचलले जाते आणि त्याला खाली धरून ठेवण्याचे काम हातांकडे येते. म्हणून या सायकलीचे हँडल दिशा बदलण्याबरोबरच सायकल थांबवण्यातही भाग घेते. ते कुठे असावे, किती रुंद असावे आणि कशाने घट्ट धरलेले असावे, हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

कोल्हापुरात हा प्रश्न जास्तच खरा आहे. महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश या जुन्या भागातली गर्दी, विद्यापीठाच्या उंचवट्यावरून शहरात उतरणारे रस्ते, पन्हाळ्याकडे जाताना वाघबिळाचा चढ आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या, हे सगळे एकाच सायकलस्वाराच्या आठवड्यात येते. ज्या देशांत फिक्स्ड गिअरची हौस वाढली तिथली बरीच शहरे सपाट आहेत. तिथली मापे इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

काळ्या सायकलीचे हँडल

उंच हँडल कोल्हापूरला नवे नाही. वडणगे, आंबेवाडी, प्रयाग चिखलीकडून शहरात दूध घेऊन येणाऱ्यांची काळी दणकट सायकल कित्येक वर्षे नदीवरच्या पुलाची ओळख होती. आता दुधाच्या कॅन बहुतेक मोटारसायकलींवर गेल्या आहेत. तरी काळी सायकल पेठांतून संपलेली नाही. तिच्या हँडलच्या मुठी स्वाराकडे इतक्या मागे वळलेल्या असतात की त्या जवळजवळ दांडीला समांतर येतात. पाठ ताठ राहते, वजन सीटवर आणि मागच्या चाकावर पडते. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवल्यावरही पुढचे चाक संथपणे वळते, कारण पुढचा चिमटा बराच कललेला असतो आणि दोन चाकांमधले अंतर मोठे असते. ओझे, खडबडीत रस्ता आणि बेताचा वेग यांसाठी ही रचना उत्तम आहे. तिला कुणी जुनाट म्हणत असेल तर ते अन्यायाचे आहे.

अशी सायकल स्वस्तात मिळते, तिचे मागचे चाक पुढे-मागे सरकवून चेन ताणता येते आणि फिक्स्ड गिअरला चेन ताणण्याची हीच सोय लागते. त्यामुळे काळ्या सायकलीची फिक्स्ड करावी आणि वर राइजर चढवावे, हा विचार तरुणांच्या मनात सहज येतो. पण या सायकलीत हँडल आणि ब्रेक एकमेकांत गुंतलेले आहेत. ब्रेकची मूठ, तिच्या खालचा दांडा आणि तो फिरण्यासाठीचे बिजागर हँडलवरच बसवलेले असते. बहुतेक सायकलींत हँडल आणि त्याचा उभा खुंट एकत्र जोडलेला असतो, नुसते हँडल सुटे होत नाही. ते काढले की पुढचा-मागचा ब्रेक दोन्ही जातात. दुसरा ब्रेक लावावा म्हटले तर रिम आडवी येते. दांड्याच्या ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूने, म्हणजे हबकडच्या अंगाने लागते. त्या रिमच्या बाजू गोलसर असतात. केबलवर चालणाऱ्या कॅलिपर ब्रेकला मात्र सपाट बाजू लागतात. म्हणजे हँडल बदलण्याचे काम पुढच्या चाकाची रिम बदलण्यापर्यंत जाते.

त्याहून मोठा धोका मागच्या हबमध्ये आहे. साध्या हबवर फ्रीव्हीलसाठी एकाच दिशेचे आटे असतात. त्यावर फिक्स्ड गोल चढवला तर पुढे पेडल मारताना तो घट्ट होत जातो, पण पायांनी मागे जोर दिला की उलगडू लागतो. खऱ्या ट्रॅक हबवर गोलाच्या बाहेरून उलट्या आट्यांची एक रिंग बसते. गोल सुटायला निघाला की ती रिंग घट्ट होते आणि त्याला अडवते. साध्या हबवर ही रिंग बसवायला जागाच नसते. फ्रीव्हील वेल्ड करून गच्च करण्याची युक्ती वर्कशॉपमध्ये सुचवली जाते, पण तिच्यातही तोच दोष राहतो, कारण वेल्ड केलेले फ्रीव्हील हबच्या त्याच आट्यांवर बसलेले असते. मागे जोर दिल्यावर ते सुटले तर पाय मोकळे फिरतात आणि सायकल तशीच धावत राहते. हबचा प्रश्न सुटल्याशिवाय हँडलवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

ट्रॅकवरून रस्त्यावर

फिक्स्ड गिअर सायकलीचे आजचे रूप ट्रॅकवर घडले. बँक केलेल्या गोल ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, कुणीही अचानक थांबत नाही आणि स्पर्धेच्या सायकलींना ब्रेक नसतो. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी इंदिरा गांधी संकुलात २५० मीटरचा लाकडी ट्रॅक बांधला गेला. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात उघड्यावरचा ट्रॅक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळे हिने खेलो इंडिया युवा स्पर्धांत सायकलिंगची सुवर्णपदके मिळवली, तेव्हा ट्रॅक सायकलिंग हा शब्द जिल्ह्यातल्या अनेक घरांत पहिल्यांदा ऐकला गेला.

ट्रॅकच्या सायकलीत पुढची नळी ताठ, ७४-७५ अंशांवर उभी असते. चिमट्याचा पुढे आलेला बाक कमी असतो, हँडल खाली आणि ड्रॉप, म्हणजे खाली वळलेल्या टोकांच्या पद्धतीचे असते. स्वार वाकून वाऱ्याखाली जातो. जागतिक पातळीवरचे स्प्रिंटर याच ठेवणीत ताशी ७० किलोमीटरच्या वर जातात. पण तीच सायकल कोल्हापूरच्या बिंदू चौकातून नेताना स्वाराची मान वर आणि पाठ वाकलेली अशी अवस्था होते. समोरून रिक्षा वळली तर ती दिसायला उशीर होतो. राइजर हँडलची मागणी इथून सुरू झाली. मोठ्या शहरांतल्या सायकल कुरियरांना ट्रॅकच्या सायकलीचा साधेपणा हवा होता, पण नजर वर आणि हात रुंद हवे होते. पुढे एक काळ असा आला की गाड्यांच्या रांगांतून घुसण्यासाठी राइजर कापून अगदी अरुंद, जेमतेम खांद्याएवढे करण्याची फॅशन पडली. दोन्ही पाय अडवून मागे जोर देताना एवढ्या अरुंद हँडलवर पकड डळमळते. ती फॅशन अनुकरणीय नव्हती आणि आजही नाही.

पाय अडवताना हात काय करतात

पेडलला विरोध करताना मागून वर येणाऱ्या पेडलवर स्वार खाली दाबतो आणि पुढच्या पायाला पेडलवरच्या पट्ट्याच्या आधाराने वर खेचतो. दाबलेल्या पेडलची प्रतिक्रिया शरीराला वर ढकलते. तेव्हा स्वार नकळत हँडल वर ओढतो. ही ओढ दोन्ही हातांत सारखी नसते, म्हणून हँडल एका बाजूला वळू पाहते. रुंद हँडल ही वळण्याची प्रवृत्ती कमी ताकदीत आवरते. राइजरचा खरा फायदा इथे आहे. उंची त्याच्या मानाने दुय्यम आहे.

मागचे चाक घसरवून थांबण्याला स्किड म्हणतात. त्यासाठी स्वाराला क्षणभर सीटवरून उठून वजन पुढे, हँडलवर न्यावे लागते. मागचे चाक हलके झाले की पाय आडवे अडवून ते जागीच थांबवता येते. हँडल फार उंच आणि फार मागे असेल तर वजन पुढे नेण्यास जागाच उरत नाही, पोट हँडलला लागते. उलट, बसल्या-बसल्या पायांनी वेग कमी करायचा असेल तर उंच हँडल मदत करते, कारण वजन मागच्या चाकावर राहते आणि त्याची रस्त्यावरची पकड टिकते. शहरात रोज वापरायच्या सायकलीला या दोन्हींची सोय हवी. म्हणून राइज मध्यम ठेवावा.

स्किडमुळे टायर ठरावीक जागीच झिजतो, कारण पाय नेहमी त्याच आडव्या स्थितीत अडतात. पुढचे ४८ आणि मागचे १६ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक बरोबर तीनदा फिरते. मग स्किड करताना टायरचा एकच ठिपका रस्त्याला घासतो आणि लवकरच त्या जागी आतली दोऱ्यांची वीण दिसू लागते. ४६ आणि १७ घेतले तर ही झीज १७ जागी वाटली जाते. हँडल निवडताना दात्यांचा विचार का, असा प्रश्न पडू शकतो. दात्यांच्या गुणोत्तरावरून उतारावर पाय किती वेगाने फिरणार हे ठरते, आणि पाय जितके वेगाने फिरतील तितकी हातांची पकड महत्त्वाची होते. ४६-१७ ला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.७ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटरला मिनिटाला ८८ फेरे होतात, ४० ला ११७ आणि ५० ला सुमारे १४६. सवय नसलेला माणूस १२० च्या आसपास सीटवर उडू लागतो. त्या वेळी अरुंद किंवा फिरती मूठ हातात असणे धोक्याचे आहे.

आधी सीट, मग हँडल

हँडलची जागा सीटवरून मोजली जाते, म्हणून सीट आधी पक्की करावी. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ होईल एवढी उंची हा जुना, साधा आणि पुरेसा हिशेब आहे. पंजा पेडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. फिक्स्ड गिअरमध्ये पाय थांबत नसल्याने जास्त उंच सीट कमरेला लगेच जाणवते. हँडल हाताशी येत नाही म्हणून सीट पुढे सरकवण्याची चूक करू नये. सीट पायांसाठी असते. हातांचे अंतर स्टेमने आणि हँडलने सोडवायचे.

आता मूठ कुठे पडते ते पाहावे. ड्रॉप हँडलवर ब्रेकच्या उंचवट्यावर ठेवलेला हात स्टेमच्या पकडीपेक्षा बराच पुढे असतो. राइजरवर तोच हात पकडीच्या रेषेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मागे येतो. दोन्हींत मिळून सुमारे १० सेंटिमीटरचा फरक पडतो. ड्रॉपसाठी बनवलेल्या फ्रेमवर जुन्याच स्टेमला राइजर लावले की सायकल एकदम आखूड वाटते, गुडघे हातांजवळ येतात आणि ताठ नळीमुळे पुढचे चाक चुळबुळ करू लागते. यावर उपाय लांब स्टेमचा आहे. डोंगरी सायकलीवर ४०-६० मिलिमीटरचा स्टेम शोभतो, कारण तिची फ्रेमच लांब असते. ट्रॅक घाटणीच्या फ्रेमवर राइजरला ९० ते ११० मिलिमीटरचा स्टेम लागणे अगदी स्वाभाविक आहे.

उंची तीन मार्गांनी वाढवता येते आणि प्रत्येक मार्गाचा परिणाम वेगळा आहे. स्टेमखाली रिंगा घातल्या तर हँडल नळीच्या तिरक्या रेषेत वर जाते. ७४ अंशांच्या नळीवर ४० मिलिमीटरच्या रिंगांनी ते ३८ मिलिमीटर वर आणि ११ मिलिमीटर मागे येते. स्टेम उलटा करून लावला तर, १०० मिलिमीटरचा आणि ६ अंशांचा स्टेम धरल्यास, सुमारे २० मिलिमीटर उंची मिळते आणि अंतर जेमतेम ६ मिलिमीटरने घटते. हा मार्ग फुकट आहे, म्हणून आधी तो करून पाहावा. तिसरा मार्ग राइजरचा. त्यात उंचीबरोबर रुंदी आणि मनगटाचा कोनही बदलतो. नुसती उंचीच हवी असेल तर नवे हँडल घेण्याची गरज नसते.

कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी मूठ सीटच्या पातळीला किंवा तिच्या एक-दोन सेंटिमीटर खाली असावी. याहून उंच गेले की चढावर ताकद लावता येत नाही. याहून खाली गेले की गर्दीत मान दुखते. बहुतेक फ्रेमवर ही पातळी ३० ते ४० मिलिमीटरच्या राइजने मिळते.

रुंदीचे माप जमिनीवर घेता येते. जोर मारण्यासाठी हात जिथे सहज टेकतात, त्या दोन तळव्यांमधले अंतर मोजावे. तालमींच्या या गावात जोर कसे मारायचे हे कुणाला शिकवावे लागत नाही. हँडल विकत मिळते ते बहुधा ६८० ते ७८० मिलिमीटरचे, डोंगरी वापरासाठी. शहरात ६०० ते ६४० पुरते. त्याहून रुंद हँडल महाद्वार रोडवर समोरून येणाऱ्या दुचाकीच्या आरशाला लागते. उसाच्या ट्रॉलीच्या बाजूने जाताना तर बाहेर लोंबणारा ऊस आधी मुठीला आणि मग स्वाराला लागतो. ५५० च्या खाली मात्र उतरू नये.

सात सूत, आठ सूत

सायकलीच्या नळ्यांची मापे मिलिमीटरमध्ये लिहिलेली असली तरी त्यांचे मूळ इंचात आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला ती सुतात चटकन कळतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. राइजरची मूठ २२.२ मिलिमीटर, म्हणजे सात सूत. जुन्या धाटणीच्या हँडलची मधली पकड २५.४, म्हणजे आठ सूत. आजच्या बहुतेक चिमट्यांची उभी नळी २८.६, म्हणजे नऊ सूत. नव्या जाड हँडलची पकड ३१.८, म्हणजे दहा सूत. ड्रॉप हँडलवर हात धरण्याचा भाग २३.८, म्हणजे साडेसात सूत. या अर्ध्या सुताच्या फरकामुळेच ड्रॉपचे ब्रेक राइजरवर बसत नाहीत आणि राइजरच्या रबरी मुठी ड्रॉपवर चढत नाहीत. जुन्या रेसिंग सायकलींवर २६ मिलिमीटरचीही पकड असते. ती कुठल्याच सुतात बसत नाही आणि फसगत तिथेच होते. २५.४ चे हँडल २६ च्या स्टेममध्ये आवळले तर बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण जोराच्या ओढीत हँडल फिरते. व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय स्टेम आणि हँडल एकत्र विकत घेऊ नयेत.

दुकानात राइजर म्हणून कधी कधी बीएमएक्सचे हँडल दाखवले जाते. त्याची उंची आठ-नऊ इंच आणि पकडही सात सुतांची असते. ते या कामाचे नाही.

धातूचा विचार वजनाच्या आधी करावा. अ‍ॅल्युमिनियमचे राइजर साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरते, क्रोमोली पोलादाचे त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण पोलाद आधी वाकते आणि सूचना देते. अ‍ॅल्युमिनियम वारंवारच्या ताणाने आतून थकत जाते आणि एखाद्या ओरखड्यापासून तडा धरून अचानक तुटू शकते. फिक्स्ड गिअरमध्ये हँडलवर ओढ वारंवार आणि उलटसुलट पडते. ताकदीने चालवणाऱ्याने पोलाद घ्यावे, अडीचशे ग्रॅम जास्त वाहावेत. अ‍ॅल्युमिनियम घेतले तर ते नावाजलेल्या कंपनीचे, नवे आणि न पडलेले असावे. जुन्या बाजारातले अ‍ॅल्युमिनियमचे हँडल कितीही चकचकीत असले तरी त्याचा इतिहास माहीत नसतो.

कापणे, रंगवणे यांत उद्यमनगरासारखी सोय फार थोड्या गावांत असेल. तिथे कापण्यापूर्वी हँडलवर मुठी सैल बसवून काही दिवस आतल्या बाजूला सरकवून चालवावे. हात जिथे स्थिरावतात तिथे खूण करावी. कापताना दोन्ही टोकांकडून सारखे, एका वेळी १० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. कापलेली कड कानशीने गोल करावी. पावडर कोटिंग करायचे तर मुठीचा आणि पकडीचा भाग पट्टीने झाकून घ्यावा, नाहीतर रंगाच्या थराने व्यास वाढतो आणि रंग दबला की बोल्ट सैल होतो. हँडलला भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. ज्या जागी ताण सर्वांत जास्त असतो, म्हणजे पकडीच्या कडेला, तिथे तापवलेला धातू कमजोर होतो.

बसवण्याचा क्रम

स्टेमची पुढची झाकणी उघडून हँडल मधोमध ठेवावे. बहुतेक हँडलवर मध्याच्या खुणा कोरलेल्या असतात, नसतील तर दोन्ही बाजू मोजाव्यात. मग हँडल फिरवून कल ठरवावा. बाजूने पाहिल्यास चढता भाग उभी रेष आणि चिमट्याच्या नळीचा कल या दोहोंच्या मध्ये दिसावा. तो स्वाराकडे झोपवला की हात जवळ येतात खरे, पण मुठींची टोके खाली वळतात आणि तळव्याची बाहेरची कड दुखू लागते. पुढे पाडला तर मुठींची टोके वर येतात आणि मनगट मोडते. योग्य कल शोधताना डोळे मिटून सीटवर बसावे, हात सहज खाली सोडावेत आणि मग मुठी धराव्यात. मनगट सरळ राहिले तर कल बरोबर. दोन-तीन अंशांनी फरक पडतो.

झाकणीचे चारही बोल्ट कर्णरेषेत, थोडे थोडे आवळावेत. वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. किती आवळायचे हे स्टेमवर छापलेले असते, बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोट्या एल-कीची आखूड बाजू हातात धरून आवळावे, लांब बाजूने अंगाचा जोर टाकू नये.

स्टेम वर-खाली केला असेल तर क्रम चुकवू नये. आधी वरच्या टोपीचा बोल्ट इतपत आवळावा की पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली तर कपात खुळखुळ जाणवत नाही, आणि हँडल तरीही मोकळे वळते. त्यानंतर स्टेम चाकाच्या रेषेत आणावा आणि त्याच्या बाजूचे दोन बोल्ट आवळावेत. टोपीचा बोल्ट फक्त गोळ्यांचा खेळ बसवतो, हँडल धरून ठेवण्याचे काम बाजूचे बोल्ट करतात. हा भेद माहीत नसल्यामुळे टोपी गच्च आणि बाजू सैल अशा सायकली रस्त्यावर फिरताना दिसतात.

रबरी मुठी पाण्याने घसरतात. पावसाळ्यात टोकातून पाणी शिरले की मूठ हातातच फिरते. फिक्स्ड गिअर सायकलीवर बोल्टने आवळल्या जाणाऱ्या मुठी घ्याव्यात. साध्या मुठी असतील तर स्पिरिट लावून चढवाव्यात, ते उडून गेले की रबर चिकटते. टोकांची बुचे कधीही गाळू नयेत. उघडी नळी पडताना पोटात घुसते.

पुढचा ब्रेक

फिक्स्ड गिअरला ब्रेक लागत नाही, ही समजूत ट्रॅकवरून आली आणि रस्त्यावर ती चुकीची आहे. वेग कमी होताना वजन पुढच्या चाकाकडे झुकते, मागचे हलके होते. त्यामुळे नुसत्या मागच्या चाकाने, मग ते पायांनी अडवलेले असो वा घसरवलेले, थांबायला पुढच्या ब्रेकपेक्षा किती तरी जास्त अंतर लागते. चेन सुटली तर तेवढाही आधार उरत नाही. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या फिक्स्ड सायकलीलाही पुढचा ब्रेक कायद्याने लागतो.

राइजरचा एक मोठा गुण असा की ब्रेकची मूठ बोटांशी कायम राहते. ती निवडताना ओढ जुळली पाहिजे. कॅलिपरला केबल थोडी ओढणारी मूठ लागते. व्ही ब्रेकची मूठ जास्त केबल ओढते. ती कॅलिपरला लावली तर ब्रेक कठीण लागतो आणि जोर कमी मिळतो. उलट लावली तर मूठ हँडलला टेकते पण चाक थांबत नाही. मूठ आडव्या रेषेपासून ३० ते ४५ अंश खाली, हाताच्या रेषेत असावी आणि इतकी आत सरकवावी की तर्जनी तिच्या टोकावर पडेल. उंच हँडलला जुनी केबल आखूड पडते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही हे पाहावे.

रस्त्यावरची परीक्षा

पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळावे, मग दोन्ही मुठींवर अंगाचा भार टाकावा. काहीही सरकले तर रस्त्यावर जाऊ नये. पहिली फेरी रंकाळा तलावाच्या काठाने पहाटे काढावी. तिथे रस्ता सपाट असतो आणि गर्दी त्या वेळी चालणाऱ्यांची असते. संथ वळण घेताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागते का ते पाहावे. ट्रॅक घाटणीच्या फ्रेममध्ये ते लागतेच आणि इथे पाय थांबवून ते टाळता येत नाही. रुंद हँडलने चाक जास्त वळवण्याचा मोह होतो, म्हणून गर्दीतली वळणे पाय कुठे आहे हे ओळखून घ्यावीत. चपलेने ही सायकल चालवू नये. कातडी तळ पट्ट्यातून निसटतो आणि फिरते पेडल पोटरीवर येते.

नंतर चढ. वाघबिळाच्या घाटात वेग ताशी १० किलोमीटरवर आला की ४६-१७ ला पेडलचे फेरे मिनिटाला ३० च्याही खाली जातात. स्वार उभा राहतो आणि प्रत्येक फेऱ्याला हँडल एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढतो. या चढावर गुडघे मुठींना लागत असतील तर स्टेम आखूड आहे. हात दुखण्याआधी पाठ दुखत असेल तर हँडल खाली आहे. दोन्ही नोंदी घरी येऊन लगेच करून ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी त्या अंधुक होतात. उतरताना पुढचा ब्रेक थोडा थोडा सुरुवातीपासूनच वापरावा. पाय १२० च्या पुढे गेल्यावर ब्रेक आठवणे उशिराचे असते. उसाचे पाचट पडलेल्या आणि पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर स्किड करू नये. मागचे चाक बाजूला निघते आणि रुंद हँडलही ते परत आणू शकत नाही.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नवे हँडल पकडीत थोडे बसते. पावसाळा संपल्यावर मुठी काढून आतला गंज पाहावा. सायकल पडली आणि अ‍ॅल्युमिनियमचे हँडल वाकले तर ते सरळ करू नये. कुणी करून देईलही, पण वाकलेल्या जागी धातू थकलेला असतो. ते टाकून द्यावे आणि त्याच्यावर जमलेली मापे, म्हणजे रुंदी, राइज, कल आणि सीटच्या टोकापासून मुठीपर्यंतचे अंतर, नव्या हँडलला लावावीत.